बाईसाहेबांची आंघोळ

हवामान केंद्र,
४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पोहोचले. बोटीत आतडी तोंडाशी आली होती, पण बेटावर पाय टेकल्यावर माणसात आले. इथे चार खोल्या, एक मनोरा आणि आम्ही तिघं: केंद्राचे साहेब, बिनतारी यंत्र चालवणारे गृहस्थ आणि मी. दर तीन तासांनी वारा, हवेचा दाब, आर्द्रता मोजायची, वहीत लिहायची आणि बिनतारीवरून किनाऱ्याला कळवायची. ते यंत्र फक्त हवामानासाठी. घरगुती निरोपाचं नाव काढलं तरी साहेबांच्या भुवया चढतात. तेव्हा आपली भिस्त पंधरा दिवसांनी येणाऱ्या बोटीवर.

आता महत्त्वाचं. बाईसाहेबांना आंघोळ घालायची नाही. मांजर जिभेनं स्वतःला दिवसभर धूतच असतं. तेलात किंवा चिखलात लोळलीच, तर एकदा. एरवी दोन-तीन महिने पाण्याचा थेंब नको. हे मी दोन-दोनदा लिहितेय, कारण मी तुला ओळखते. दाराची कडी धुणारी बाई तू. लहानपणी माझ्या पाटीवरचं शुद्धलेखन मास्तरांनी बघायच्या आत तूच धुऊन टाकायचीस.

केस लांब आहेत, रोज विंचर. ताटलीत खाणं दोनदा. संध्याकाळी थोडा वेळ मांडीवर घे, नाहीतर रुसते. सहाच महिने आहेत. ऑगस्टच्या पहिल्या बोटीनं मी हजर. तोवर तिचं सगळं सविस्तर कळवत जा.

तुझी भिंगरी

•

धुलाईचं दुकान,
१९ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र समुद्राच्या पाण्यानं भिजून आलं. इस्त्रीकाकांनी ते आधी इस्त्रीखाली घातलं आणि मग माझ्या हातात दिलं. तीस वर्षं आपल्या दुकानात इस्त्री करतोय, पण कागदाला पहिल्यांदाच केली म्हणाले.

तू रागावणार आहेसच, तर एकदाचं सांगून टाकते. पहिली आंघोळ झाली. मी काही मुद्दाम घालायला गेले नव्हते. हॉटेलच्या बारा चादरी धुऊन, इस्त्री होऊन, गठ्ठा बांधून ठेवलेल्या. बाईसाहेब कोळशाच्या पोत्यावरून उठल्या आणि थेट गठ्ठ्यावर जाऊन पसरल्या. बाराच्या बारा पुन्हा हौदात. म्हटलं, चादरी धुतेच आहे तर ज्यांच्यामुळे धुतेय त्यांनाही बुचकळून काढू. कोमट पाणी, लोकरीच्या कपड्यांचा सौम्य साबण. सगळं नीट चाललं होतं, पण शेवटच्या पाण्याला माझा हात सवयीनं निळीच्या बाटलीकडे गेला. पांढरं दिसलं की शेवटच्या पाण्यात नीळ, या हाताला दुसरं काही ठाऊकच नाही. आता तुझी मांजर पोटाकडून आभाळी दिसते. गिऱ्हाइकं कौतुकानं बघतात.

आणखी एक. ती आल्यापासून मला शिंका येतात. डोळे चुरचुरतात. धुतल्यावर दोन दिवस बरं होतं. तेव्हा आठवड्यातून एकदा धुवावी असं मनात आहे.

जेवतेस ना वेळेवर? तिथे वारा फार असेल, कान बांधत जा.

तुझी ताई

•

हवामान केंद्र,
५ मार्च

प्रिय ताई,

नीळ? ताई, नीळ? मांजर अंग चाटतं. अंगाला जे लावशील ते तिच्या पोटात जातं. नशीब समज की तिला काही झालं नाही. तुझं पत्र वाचून दुपारचा दाब वहीत चुकीचा लिहिला आणि साहेबांची बोलणी खाल्ली.

आणि आठवड्यातून एकदा म्हणजे काय? ती काय उशीचा अभ्रा आहे? तिच्या कातड्याला स्वतःचं तेल असतं, ते सारखं धुतलंस तर कातडं कोरडं पडेल, खाज सुटेल, केस गळतील. शिंकांचं मला सांगू नकोस. सोड्यानं तुला जन्मभर शिंका येताहेत. मांजर आली म्हणून शिंकांचं खापर तिच्यावर. तुला धुवायला निमित्त हवं असतं, दुसरं काही नाही.

ती खाते का? विष्ठा घट्ट आहे का? निळा रंग गेला का? तीनही गोष्टी नीट लिही.

भिंगरी

•

धुलाईचं दुकान,
१८ मार्च

प्रिय भिंगरी,

निळीच्या बाबतीत कानाला खडा. बाटली वरच्या फळीवर ठेवली. रंग गेला, खाणं चांगलं आहे आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इस्त्रीकाकांनी हसत हसत दिलं: उत्तम.

पण आंघोळीचं खरं ते लिहिते, लपवत नाही. सध्या मी तिला दर चौथ्या दिवशी धुते. डॉक्टरांकडे गेले होते. ते म्हणाले, मांजराच्या थुंकीत आणि कोंड्यात काहीतरी असतं, ते केसांवर वाळतं आणि हवेत उडतं. काही माणसांना ते सोसत नाही. मांजर धुतलं की तेवढ्यापुरतं कमी होतं, दोन-तीन दिवसांत पुन्हा पहिल्यासारखं. मांजर दुसरीकडे द्या, हे उत्तम, म्हणाले. मी म्हटलं, माझं नाही हो, बहिणीचं आहे, तिनं विश्वासानं ठेवलंय, ऑगस्टपर्यंतचा प्रश्न आहे. छाती जरा शिटी वाजवते, एवढंच. इस्त्रीकाका म्हणतात, दुकानात किटली ठेवायची गरज नाही.

बाईसाहेबांना मात्र हे मुळीच पटलेलं नाही. बादलीची कडी वाजली की त्या बंबामागे. म्हणून मी आता पाणी तपेलीतून चोरपावलानं आणते. माझ्या दोन्ही मनगटांवर त्यांच्या सह्या आहेत. पाठीवरचे केस थोडे विरळ झालेत, हेही लिहिते. मला त्याचं वाईट वाटतं गं. ओल्या अंगानं माझ्याकडे अशी बघते की मीच चोर असल्यासारखं होतं. पण धुतलं नाही की मला जिना चढवत नाही.

तुझे दिवस कसे जातात? एकटं वाटतं का?

तुझी ताई

•

हवामान केंद्र,
२ एप्रिल

प्रिय ताई,

विरळ झालेत म्हणजे किती? कातडं दिसतं का? लाल आहे का? दर चौथ्या दिवशी! महिन्याला सात-आठ आंघोळी! ताई, तू तिची सालं काढते आहेस. जिना चढवत नाही, कारण तू दिवसभर हौदाशी उभी असतेस आणि आता तुझं वय झालं. त्यासाठी मुक्या जिवाला का छळतेस?

मला इथे काम सुचत नाही. आज सकाळी साहेबांनी एक कागद पुढे ठेवला होता, त्यावर डोकं शांत ठेवून विचार करायचा होता, तर डोळ्यांसमोर बंबामागे लपलेलं मांजर. कागदाचं पुन्हा कधीतरी लिहीन, विशेष काही नाही.

हे बघ, तुला सांगून उपयोग होत नाही, म्हणून शपथ घालते. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. मी येईपर्यंत तिला पाण्याचा थेंब लावायचा नाही. आठवड्यातून नाही, महिन्यातून नाही. लावलास तर माझ्याशी बोलू नकोस. ऑगस्टात मी येतेच आहे.

भिंगरी

•

धुलाईचं दुकान,
२० एप्रिल

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मिळालं. शपथ पाळली आहे. सतरा दिवस झाले, ती कोरडी आहे. खरं तर तुझं पत्र यायच्या आधीच मी थांबले होते. तिच्या पाठीवर एक जागा लाल दिसली आणि हात पुढे होईना. मग तुझं पत्र आलं. तू बरोबर होतीस.

केस येताहेत. खाते. आता बंबामागे जात नाही, माझ्या पायाशी बसते. काल आपणहून मांडीवर आली.

मी ठीक. झोप बसून लागते, आडवं होता येत नाही. हौदाचं काम दुसऱ्या बाईंना दिलंय. मी गल्ल्यापाशी बसते.

जास्त लिहीत नाही. ऑगस्टला एकशे तीन दिवस आहेत.

ताई

•

हवामान केंद्र,
५ मे

प्रिय ताई,

बघ! मी म्हटलं नव्हतं? आंघोळ थांबवली आणि केस आले. तुझं पत्र वाचून मी बिनतारीवाल्यांना पेढ्याऐवजी बिस्किटं वाटली. उगाच तीन महिने दोघींनी डोकं फिरवून घेतलं.

तू हौदाचं काम सोडलंस हे फार छान केलंस. बसून राहा जरा, कुणाला काय देणं लागतेस. मांडीवर येते म्हणजे तिचा राग गेला. कानामागे खाजव, तिला आवडतं. विंचरताना निघालेले केस किती येतात ते कळव, मूठभर येत असतील तर ऋतूचं आहे, काळजी नको.

इथे मजेत. मला आता सकाळचा हवामानाचा फुगा सोडू देतात. तो आभाळात दिसेनासा होईपर्यंत मी बघत राहते. ताई, मला आयुष्यात इतकं आवडलेलं दुसरं काम नाही.

भिंगरी

•

धुलाईचं दुकान,
१६ मे

चि. भिंगरीस इस्त्रीकाकांचे आशीर्वाद.

मी पत्रं लिहिणारा माणूस नाही. तुझ्या ताईनं सांगितलं, सगळं ठीक आहे असं चार ओळींत लिहा, म्हणून बसलो. तिनं सांगितलेलं न लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ.

ताई अकरा तारखेला दुकानात पडली. गल्ल्यावरून उठली, माझ्या टेबलाला धरलं, तोंडानं श्वास ओढत होती आणि येत नव्हता. ओठ निळे झाले होते. मी आणि हौदावरच्या बाईंनी उचलून दवाखान्यात नेलं. तीन दिवस नाकाला नळी होती. परवा घरी आणली.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, ते मांजर त्या घरात ठेवू नका, पुढच्या वेळी वेळेवर पोचाल याची खात्री नाही. मी म्हटलं, मांजर मी नेतो. तर ती म्हणाली, काका, बाईसाहेब या घरातून हलायच्या नाहीत. मग निदान धू तरी, म्हटलं. दर चौथ्या दिवशी धूत होतीस तेव्हा निदान उभी होतीस. तर म्हणते, पोरीची शपथ आहे. मी गुपचूप मांजर धुवायला घेतलं, तर जिन्यावरून धापा टाकत खाली आली आणि माझ्या हातातून तपेली काढून घेतली.

तू सहा वर्षांची असल्यापासून तिनं तुझा शब्द खाली पडू दिला नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्याबद्दल मी कधी बोललो नाही. पण आता बोलतो. सत्त्याहत्तर दिवस राहिले म्हणते, रोज एक कमी करते. सत्त्याहत्तर दिवस तिच्यात आहेत असं मला वाटत नाही. तू लवकर येऊ शकत असशील तर ये. येता येत नसेल तर ती शपथ तेवढी सोडव. तुझ्याशिवाय ती दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही.

काका

•

हवामान केंद्र,
२५ मे

ताई,

बोट पिशवी टाकते, पिशवी घेते आणि जाते. काकांचं पत्र मी उघडलं तेव्हा ती खडकापलीकडे वळत होती. मी धक्क्यावरून ओरडत राहिले. वाऱ्यात कुणाला ऐकू जाणार?

साहेबांकडे गेले. म्हटलं, बिनतारीवरून एक निरोप पाठवा. ते म्हणाले, यंत्र हवामानासाठी आहे, माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तरच. मी म्हटलं, जिवाचाच आहे. त्यांनी पेन्सिल उचलली. मजकूर काय, विचारलं. मी म्हटलं, "मांजराला आंघोळ घाल. शपथ सुटली."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मी चेष्टा करत नाही हे दाखवायला काकांचं पत्र पुढे केलं. त्यांनी ते उभ्यानंच दोनदा वाचलं. मग बिनतारीवाल्यांना म्हणाले, दुपारच्या दाबानंतर आणि वाऱ्याच्या आधी हे घाला. आणि मला विचारलं, किती दिवसांनी ते लिहायचं का? मी म्हटलं, दर तिसऱ्या दिवशी. तेही घातलं.

पोचलं असेल ना? उत्तर यायची सोय नाही. मी दर तीन तासांनी आकडे घेते आणि मध्ये बसून राहते.

३१ मे

समुद्र खवळलाय. वारा मीच मोजते, त्यामुळे बोट येणार नाही हे सगळ्यात आधी मलाच कळतं.

ताई, तुला एक सांगायचंय. दोन एप्रिलला साहेबांनी जो कागद पुढे ठेवला होता, तो आणखी एक वर्ष इथे राहण्याचा होता. मी सही केली. सही करून खोलीत आले आणि तुला शपथेचं पत्र लिहिलं. ऑगस्टात मी येणार नव्हते. तुला सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून मांजरावरून भांडत राहिले. भांडताना बरं वाटायचं. तू दिवस मोजत होतीस आणि ते दिवस नव्हतेच.

तू लिहीत होतीस सगळं. जिना चढवत नाही, बसून झोपते. मी वाचलं आणि मला ते दिसलं नाही.

८ जून

उद्या बोट येईल असं वाटतं. सही मागे घेते, साहेबांना सांगितलंय. तू फक्त मांजर घराबाहेर काढ. माझा विचार करू नकोस. मला माफ कर, ताई. तू माफ केलं नाहीस तर मी काय करू मला कळत नाही.

भिंगरी

ता. क. कुणाकडे दिलंस ते कळव. ते लोक तिला फार धुणार नाहीत ना?

•

धुलाईचं दुकान,
१९ जून

प्रिय भिंगरी,

स्वतःच्या हातानं लिहितेय, म्हणजे मी आहे, हे आधी समजून घे.

तुझी तार आली त्या दिवशी दुकान भरलं होतं. तारवाला असं तोंड करून आला की सगळे उठून उभे राहिले. काकांनी ती घेऊन मोठ्यानं वाचली. "मांजराला आंघोळ घाल. शपथ सुटली. दर तिसऱ्या दिवशी." मग हॉटेलचा माणूस चादरींच्या गठ्ठ्यावर बसून हसायला लागला. मलाही हसू आलं, हसता हसता दम लागला आणि काकांनी मलाच ओरडून गप्प केलं.

त्याच दुपारी धुतली. काकांनी धरली, मी पाणी घातलं. महिनाभरानं आडवी होऊन झोपले. तिसऱ्या दिवशी पुन्हा धुतली, सहाव्या दिवशी पुन्हा. पाचव्या आंघोळीला तिची पाठ परत लाल झाली आणि माझी छाती परत वाजायला लागली. तेव्हा मला कळलं की हे गणित कुठल्याच दिवसांनी सुटणारं नाही. दोघींपैकी एक रोज थोडी थोडी झिजणार. तरीही मी तिला सोडत नव्हते.

मग बारा तारखेला तुझं पत्र आलं. तीनदा वाचलं. तू म्हणशील, ताई चिडली असेल. चिडले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा पत्र बंबात टाकायला निघाले होते. मी नळी लावून पडले होते तेव्हा मनात एकच, आता एवढे दिवस उरले, आता एवढे. आणि तू फुगे सोडत होतीस.

पण खोटं मीही बोलले, तेही ऐक. डॉक्टरांना म्हटलं, काकांना म्हटलं, बहिणीची ठेव आहे, कशी देऊ? ते खरं नव्हतं. तू गेल्यावर वरच्या खोलीत तुझं काही राहिलं नाही, कपडेसुद्धा सगळे घेऊन गेलीस. मांजर तेवढं राहिलं. ते घरात आहे तोवर तू परत येणारच, असं मी धरून बसले होते. श्वास गेला तरी चालेल, पण मांजर जाता कामा नये. वेडी आहे मी. पत्र वाचून झालं आणि ते वेड उतरलं. सोमवारी मांजर समोरच्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्या बाईंना दिलं. त्यांनी विचारलं, किती दिवसांनी आंघोळ घालायची? मी म्हटलं, कधीच नाही. एवढ्या सगळ्यातून मी शिकले ते इतकंच.

आता जिना चढते. मध्ये एकदा थांबते.

सही मागे घेऊ नकोस. घेतली असलीस तर साहेबांच्या हातापाया पड आणि पुन्हा कर. तुला ते काम आवडतं हे तू एका ओळीत लिहिलं होतंस, ती ओळ मी पुष्कळदा वाचली. एक वर्ष म्हणजे एक वर्ष. मी मोजणार नाही.

माफीचं म्हणशील तर ती कधीच झाली. पण एक गोष्ट बोलून टाकते, नाहीतर ती छातीत राहील आणि तिथे आता जागा नाही. काल तुझी सगळी पत्रं काढून बसले. मांजर खाते का, कातडं लाल आहे का, केस किती गळतात, रंग गेला का, पोट साफ होतं का, सगळं तू विचारलं आहेस. शेवटच्या पत्रात माफी मागितलीस आणि खाली पुन्हा तिचीच चौकशी केलीस. ताई, तू कशी आहेस, हे चार महिन्यांत एकदाही विचारलं नाहीस.

आता मांजर इथे नाही. पुढच्या पत्रात तिच्याबद्दल विचारण्यासारखं काही उरलं नाही. काय लिहितेस, बघते.

तुझी ताई